बाई एक महिना आधी आल्या

...तर बाई टिटवाळ्याला गाडीतून उतरल्या, ट्रंक फलाटावर ठेवली, पदराने वारा घेतला, आणि बघतात तो न्यायला कोणीच नाही! काल इथवर सांगितलं आणि जेवणाची हाक आली, म्हणून बाई बिचाऱ्या फलाटावरच राहिल्या. आज त्यांना गावात आणतो.

बाई म्हणजे प्रमोदिनी मणेरीकर. राहायच्या कल्याणला, रामबागेत, आईसोबत. नाटकात कामं करायच्या, अधूनमधून सिनेमातही दिसायच्या. दिवस होता एकवीस एप्रिल एकोणीसशे त्रेपन्न, मंगळवार. आमच्या गावदेवीच्या जत्रेत नाटक करायला त्या आल्या होत्या. आमचं गाव टिटवाळ्याहून काळू नदी ओलांडून दीड कोसावर. बाईंनी तासभर वाट पाहिली. मग स्टेशनावर लाकडं उतरवून दगडूची बैलगाडी रिकामी परत निघाली होती, ती त्यांनी थांबवली.

हा दगडू सत्तेचाळीस सालापर्यंत आमच्या गावच्या नाटकांची नायिका होता. खांदे पैलवानाचे, पण मान अशी वेळावायचा की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसंसुद्धा लाजायची. पुढे त्याला मिशी ठेवायची हौस आली, आणि गावाला बाहेरून बाई आणायची वेळ आली. तर दगडूने बाईंना ओळखलं, ट्रंक उचलून गाडीत ठेवली, पण तोंडातून शब्द काढला नाही. नंतर मला म्हणाला, "जत्रा आज नाय, ह्ये मला म्हाईत होतं. पन येवढी मोठी बाई म्हनतेय आज हाय, तर मलाच वाटलं आपलंच कायतरी चुकतंय."

गाडी देवळापुढच्या पटांगणात आली. जिथे रंगमंच असायला हवा तिथे पेंढ्याच्या तीन गंजी, आणि मोकळ्या जागेत रखमाबाईने बाजेवर तांदळाचे पापड वाळत घातलेले. बाई उतरून म्हणाल्या, "अहो, रंगमंच कुठे बांधलाय?"

रखमाबाई म्हणाली, "त्ये मला काय ठावं? माजं पापड तुडवू नका म्हंजे झालं."

पाच मिनिटांत निम्मा गाव गोळा झाला. अण्णा पाटील आले. मी मळ्यात होतो, मला बोलावणं आलं. धावत येऊन बघतो तो बाई ट्रंकेवर बसलेल्या, हातात रखमाबाईने दिलेला पाण्याचा तांब्या, आणि भोवती माणसांचं कडं.

"काय रं महिपत," पाटील म्हणाले, "बाईंना आज कुनी बोलावलं? सध्या अधिक चाललाय. अधिकात देवी पालखीत बसत नाय, ह्ये तुला सांगाया पायजे का?"

बाईंनी पिशवीतून लहानशी वही काढली, पान उघडून माझ्यापुढे धरलं. "महिपतराव, हे बघा. इथे एकवीस एप्रिल लिहिलंय."

आता इथे मला थोडं मागे जावं लागेल. ही एकवीस एप्रिल आली कुठून, ते सांगितल्याशिवाय पुढचं सगळं अर्धवट राहील.

आमच्या देवीची जत्रा वैशाख शुद्ध अष्टमीला. गावात इंग्रजी तारखेने कोणी काही करत नसे. माझं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखं, म्हणून नाटकाची सगळी लिखापढी माझ्याकडे. प्रत्येक नटाच्या वाट्याची वाक्यं वेगळी लिहून द्यायची, त्याला नक्कल म्हणतात. त्या नकला मी उतरवायचो, आणि नाटकाच्या दिवशी पुस्तक घेऊन विंगेत बसायचो, कोणी अडलं तर हळूच शब्द द्यायला. बाईंना आमंत्रण द्यायला जाणारा माणूसही मीच. माघ महिन्यात मी देवीच्या पायांवर ठेवलेला विडा आणि नारळ घेऊन रामबागेत गेलो. बाईंनी पदर पसरून विडा घेतला, डोळ्यांना लावला, आणि वही उघडून विचारलं, "तिथी कोणती?"

नुसती तिथी सांगितली असती तर काही झालं नसतं. बाई स्वतः पंचांग बघणाऱ्या. पण समोर शहरातली शिकलेली बाई, भिंतीवर इंग्रजी तारखांचं कॅलेंडर. मला वाटलं, आपणही काही अगदीच अडाणी नाही हे दाखवावं. "तिथी कशाला? तारीखच सांगतो की," असं म्हणून मी बोटांवर हिशेब केला. गेल्या वर्षी जत्रा दोन मेला झाली होती. तिथी दर वर्षी अकरा दिवस मागे येते, हे आमच्या गुरुजींनी शिकवलेलं. दोन मेमधून अकरा दिवस गेले, राहिली एकवीस एप्रिल. सांगितली. बाईंनी लिहून घेतली, वर म्हणाल्या, "वा, तोंडी हिशेब पक्का आहे हो तुमचा!" मी इतका खूश झालो, की परतीच्या गाडीत शेजारच्या माणसालाही तो हिशेब करून दाखवला.

पण दर दोन-तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, अधिक महिना. त्या महिन्यात जत्रा भरत नाही, पुढच्या खऱ्या महिन्यात भरते. त्रेपन्न साली वैशाखच अधिक आला. म्हणजे जत्रा गेली एकवीस मेवर. नवं पंचांग पाडव्याला गावात येतं. पाडव्याला मलाही हे कळलं. पण आपण बाईंना एप्रिलची तारीख देऊन आलोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गावात सगळे अष्टमी-अष्टमी म्हणत होते, मीही अष्टमी म्हणत होतो. तारीख मी फक्त त्या एका ठिकाणी, ऐट करायला वापरली होती.

तर आता पटांगणात बाईंची वही माझ्यासमोर. पाटील बघतायत, रखमाबाई बघतेय, दगडू गाडीच्या जुवाला टेकून बघतोय. मला एका क्षणात सगळं आठवलं. आणि एक गोष्ट दिसली. दोन्ही तारखा एकवीसच. फक्त महिना बदलायचा होता. खोटं बोलायला एवढी सोय मला जन्मात पुन्हा मिळाली नाही.

"बाई," मी म्हणालो, "मी एकवीस मे म्हणालो होतो."

बाईंनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत शंका आली असती तर मी तिथेच कबूल केलं असतं, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. पण शंका आलीच नाही. त्या मोठ्याने हसल्या. "म्हणजे लिहिताना मीच घोळ घातला! घ्या, महिनाभर आधी येणारी नटी तुमच्या गावाने पाहिली नसेल."

गाव हसला. रखमाबाईने बाईंना घरी नेलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. बाई मालवणाकडच्या, मासळीवर जीव; तीन भाकऱ्या जेवल्या. दुपारी ओसरीवर बसून त्यांनी गावातल्या बायकांना सिनेमातल्या नायिका रडतात कशा ते करून दाखवलं. रखमाबाईला इतकं हसू आलं, की पापड उलटायचे राहून गेले आणि भाजल्यासारखे कडक झाले.

या बाई किती पाणीदार होत्या ते मी शहाडला पाहिलं होतं. अठ्ठेचाळीस साली. शहाडच्या कारखान्यातली मंडळी दिवाळीत नाटक करायची, नकला उतरवायला मला बोलवायची. अशा हौशी मंडळींची रीत अशी, की महिनाभर तालीम आपापसात करायची, बाईंच्या जागी कोणीतरी उभं राहायचं. बाई येणार नाटकाच्या दिवशी दुपारी, नक्कल पाठ करून. एक तालीम, आणि लगेच प्रयोग. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या नटीने दोन गोष्टी सांभाळायच्या: पाठांतर आणि तारीख. बाकी रूप, गळा सगळं नंतर.

तर दुसऱ्या अंकात एका गॅसबत्तीची जाळी जळून पडली, पाठोपाठ दुसरी बत्ती विझली. मिट्ट काळोख. लोक शिट्ट्या मारायला लागले. पुस्तकावरचं एक अक्षर मला दिसेना. आणि त्या काळोखात बाईंचा आवाज आला, "थांबा, दिवा लावू नका. मला जे सांगायचंय ते उजेडात सांगवणार नाही." हे वाक्य पुस्तकात नव्हतं! शिट्ट्या बंद. पुढची चार पानं बाईंनी काळोखात म्हटली, समोरच्या नटाला विसर पडला तिथे त्याचंही वाक्य आपल्या वाक्यात गुंफून घेतलं. बत्ती पेटली तेव्हा लोकांना वाटलं, हे असंच लिहिलेलं आहे. मी विंगेत बसून माझ्याकडच्या पुस्तकाला म्हटलं, बाबा, आज तुझं काही काम नाही.

सिनेमात मात्र हाच आवाज त्यांच्या आड आला. एकावन्न साली मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांना पहिलं वाक्य मिळालं, "या ना, ताई देवघरात आहेत." बाईंनी ते असं म्हटलं, की आवाज टिपणाऱ्या माणसाने कानावरची यंत्रं काढून खाली ठेवली. म्हणाला, "बाई, समोर माईक आहे, शेवटच्या रांगेतला माणूस नाही." हे बाई स्वतःच सांगायच्या, त्या माणसाची नक्कल करून. मग त्यांनी घरी हळू बोलायचा सराव सुरू केला. आईला, कमळाबाईंना, हातभर अंतरावर बसवायच्या आणि तिच्याकडे बघून बोलायच्या. कमळाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "काय पुटपुटतेस गं? पोटात दुखतंय का?"

दोन वर्षांत जमलं. आणि त्रेपन्नच्या फेब्रुवारीत बाईंना एक काम मिळालं. ते मला कळलं त्या एप्रिलच्या दिवशी, संध्याकाळी त्यांना बैलगाडीतून स्टेशनावर सोडायला निघालो तेव्हा. नदी ओलांडून पलीकडे चढ लागल्यावर बाई म्हणाल्या, "महिपतराव, तिकडे सगळ्यांसमोर हसले. पण माझं फार अवघड झालंय."

"काय झालं?"

"सिनेमात मोठ्या बहिणीचं काम मिळालंय. सात प्रसंग आहेत. नायिकेइतकं बोलायचंय. त्यांनी विचारलं, कधी मोकळ्या आहात. मी सांगितलं, एकवीस एप्रिल सोडून केव्हाही. त्यांनी माझं सगळं काम वीस मे ते पंचवीस मे लावलंय. त्या सहा दिवसांसाठीच घराचा देखावा उभा राहणार, मग मोडणार."

दगडूने बैलांना हाकललं.

"एकोणतीस वर्षांची आहे मी," बाई म्हणाल्या. "आतापर्यंत दार उघडणारी, पाणी देणारी, हंडा उचलणारी. आता कुठे बोलणारी बाई मिळाली. गाव तारीख पुढे ढकलेल का हो? की मला सोडतील?"

ती वेळ होती. गाडीत तिघेच होतो, आणि दगडू काही कोणाला सांगायला जाणारा नव्हता. जिभेवर आलं होतं. पण पटांगणात बोललेलं खोटं अजून चार तासांचंही झालं नव्हतं. आता कबूल करायचं म्हणजे दोनदा लाज. मी म्हणालो, "पाटलांना विचारून बघतो."

पाटलांना विचारलंही. त्यांनी आमच्या गावची रीत सांगितली, जी मला ठाऊक होतीच. देवीच्या पायांवरचा विडा बाईने घेतला की गाव आणि बाई दोघंही बांधलेले. गावाकडून चूक झाली, तर गावाने विडा परत आणायचा, बाईची साडी-चोळीने ओटी भरायची आणि तिला मोकळं करायचं. चूक बाईकडून झाली, तर तिने यायचं; देवीसमोर उभं राहिल्याशिवाय विडा उतरत नाही.

"मंग?" पाटील म्हणाले. "चूक कुनाची?"

दुसऱ्यांदा विचारलं गेलं, आणि मी दुसऱ्यांदा तेच सांगितलं. "बाईंची."

"मंग कसं सोडनार रं? चांगली बाई हाय, पन देवीचं काय सांगू?"

हा निरोप घेऊन मी रामबागेत गेलो. बाई दारातच उभ्या होत्या. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. आत कमळाबाई बसल्या होत्या, त्यांनी लेकीला माझ्यादेखत धारेवर धरलं. "कान आहेत का भोपळे गं पमे? माणूस इथे या पाटावर बसून स्वच्छ तारीख सांगून गेला. मी चूल फुंकत होते नाहीतर मीच लिहून घेतली असती. बारा वर्षं नाटकात घालवलीस आणि एक तारीख धड लिहिता येत नाही?"

"आई, पुरे," बाई म्हणाल्या. "चुकलं ना? चुकलं."

"पुरे काय? हा सिनेमा काय परत येणार आहे? महिपतराव, तुम्हीच सांगा."

कमळाबाईंनी मला सांगायला सांगितलं, आणि मी चहाच्या कपात बघत राहिलो. चहा आल्याचा होता. मला अजून आठवतो.

बाई मुंबईला गेल्या. सिनेमावाल्यांना म्हणाल्या, फक्त वीस-एकवीस दोन दिवस सांभाळून घ्या. तिथला व्यवस्थापक म्हणाला, कोणती तारीख सोडायची ते तुम्हीच सांगितलं होतं, आम्ही ती सोडली. तुमच्या चुकीसाठी नायिकेला थांबवू का? चूक आपलीच, असं बाईंना वाटत होतं. दुसऱ्याची चूक असती तर त्या भांडल्या असत्या. भांडणात बाई कोणाला हार जात नसत, हे मी शहाडच्या मंडळींशी झालेल्या दोन भांडणांवरून सांगू शकतो. स्वतःच्या चुकीपुढे त्यांनी मान खाली घातली आणि आमच्या गावाला आल्या.

एकवीस मे, गुरुवार. पटांगण भरलं होतं, बैलगाड्यांवर माणसं उभी होती. रीतीप्रमाणे पाटलीणबाईंनी बाईंची ओटी भरली. नाटक चांगलं झालं, सगळ्यांनी वाखाणलं. पण तिसऱ्या अंकात एक गोष्ट झाली, ती फक्त मला कळली. बोलता बोलता बाई थांबल्या. प्रेक्षकांना वाटलं भावनेने थांबल्या. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघितलं, माझ्याकडे. पाच वर्षांत मी त्यांना एक शब्द दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

नाटकानंतर तोंडाचा रंग पुसताना त्या म्हणाल्या, "वाक्य तोंडात होतं हो. पण वाटलं, हेच आहे ना? की मी पुन्हा काहीतरी भलतंच धरून बसलेय? आणि मग ते गेलंच."

मी म्हणालो, "होतं असं."

"माझं होत नव्हतं," बाई म्हणाल्या.

तो सिनेमा पुढच्या वर्षी ठाण्यात तलावाजवळच्या थिएटरात लागला. मी बायकोला, शेवंतीला, घेऊन गेलो. मोठ्या बहिणीचं काम दुसऱ्याच बाईने केलं होतं. वाईट केलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण चांगलं केलं होतं. धाकटीच्या लग्नात ती एकटी माजघरात बसून अक्षता निवडते, तो प्रसंग आला आणि सगळं थिएटर रडलं. शेवंती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "तुमाला कायच कसं वाटत नाय? दगड हाव का?" मी म्हणालो, "थंडी वाजते." मे महिना होता.

त्या दुसऱ्या बाईंना पुढे बहिणीची, वहिनीची अशी कामं भराभर मिळत गेली. आमच्या बाईंनाही सिनेमात कामं मिळाली, नाही असं नाही. दवाखान्यातली दाई, लग्नात हळद लावणारी, भांडण बघायला खिडकीत आलेली शेजारीण. त्या शेजारणीला दोन वाक्यं होती. आम्ही गावातली आठ माणसं ती दोन वाक्यं ऐकायला ठाण्याला गेलो, आणि पहिलं वाक्य दगडूच्या शिंकेत गेलं. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दगडूला सांगा, दुसरं वाक्य जास्त चांगलं होतं."

नाटकाच्या गावोगावच्या प्रयोगांत त्यांना मागणी होती. डोंबिवलीत नवी घरं उठत होती, नव्या मंडळांना गणपतीत नाटक हवं असायचं. बाई जायच्या. पण त्यांची एक नवीन सवय सगळ्यांच्या नजरेत आली होती. कोणी आमंत्रण द्यायला आलं की त्या तारीख लिहून घ्यायच्या, वही त्याच्यासमोर धरायच्या, त्याला स्वतःच्या हाताने खाली पुन्हा लिहायला लावायच्या, आणि वर चार दिवसांनी पोस्टकार्ड टाकून विचारायच्या. डोंबिवलीची पोरंसोरं हसायची, मणेरीकरबाईंचं पोस्टकार्ड आलं म्हणजे गणपती जवळ आले. आणि प्रयोगाला विंगेत मी हवा, असा त्यांचा आग्रह असायचा. "महिपतराव असले की मला धीर असतो." मी जायचो. दर अंकात दोन-तीन शब्द द्यायचो. माणसं मला म्हणायची, बाईंचा केवढा विश्वास तुझ्यावर! मी मान डोलवायचो.

सत्तावन्न साली कमळाबाई गेल्या. शेवटी अंथरुणावर होत्या, मी भेटायला गेलो तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "पमीवर लक्ष ठेवा हो. विसराळू आहे. तुमच्यासारखं चोख माणूस जवळ असलेलं बरं."

एकोणसाठ साली कल्याणच्या हौशी मंडळींनी बाईंचा सत्कार केला. पाचशे प्रयोग झाले होते. हार घातले, भाषणं झाली. एका वक्त्याने त्रेपन्न सालची गंमत सांगितली, की बाई जत्रेला महिनाभर आधीच पोचल्या आणि पापडांच्या बाजेपुढे रंगमंच शोधत होत्या. सगळे हसले. बाई उठून म्हणाल्या, "हो, तो माझा वेंधळेपणा. त्यापायी एक चांगला सिनेमा घालवला मी. तुम्ही तरुण मुलींनो, तारीख नीट लिहून घेत जा." टाळ्या पडल्या. बाईंनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "आणि महिपतरावांसारखा माणूस विंगेत ठेवत जा." मग माझ्यासाठीही टाळ्या पडल्या.

गोष्टी सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही. दगडूच्या मिशीवर मी लग्नाच्या पंगती हसवल्या आहेत. पण त्या टाळ्यांनंतर मला घरी जेवण गेलं नाही. शेवंतीने विचारलं, तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. तिने माझं ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? उद्या कल्याणला जावा."

गेलो. सकाळची वेळ. बाई एकट्याच होत्या, सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला पाट दिला. मी पाटावर बसलो नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन मे, त्यातून अकरा दिवस, विसरलेला अधिक महिना. पटांगणात महिना कसा बदलला, गाडीत का गप्प राहिलो, पाटलांना काय सांगितलं. काहीही गाळलं नाही. बाईंचे हात सुपात चालूच होते. एक खडा काढला, बाजूला ठेवला. दुसरा काढला. माझं बोलणं संपलं तेव्हा हात थांबले. म्हटलं, आता काय म्हणतील ते म्हणोत, रागवोत, हाकलून देवोत. त्या ओरडल्या नाहीत. ज्या आवाजाचा त्यांनी आईसमोर बसून सराव केला होता, त्या हळू आवाजात बोलल्या:

"गाडीत सांगितलं असतंत, महिपतराव, तर मी तिथेच तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या, गावाने माझी ओटी भरून मला सोडलं असतं, आणि मी सिनेमाला गेले असते. सिनेमाचं जाऊ द्या, तो कदाचित मला जमलाही नसता. पण सहा वर्षं मी बरोबर असलेलं वाक्यसुद्धा तुमच्याकडे बघून म्हणतेय. आणि आई गेली, ती मला वेंधळी समजूनच गेली. तिला आता कोण सांगायला जाणार? तुम्ही?"